कण्यातील सौम्य अर्बुदे आणि शस्त्राची मर्यादा

बालाघाटच्या डोंगररांगेत, मांजरसुंब्याच्या चौफुलीपासून थोड्याच अंतरावर, कपिलधारच्या दरीत संत मन्मथस्वामींची समाधी आहे. आणि कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेसाठी मराठवाड्यातून, तसेच सीमेपलीकडील कर्नाटक व तेलंगण या प्रांतांतून, वीरशैव भाविकांच्या पायी दिंड्या तेथे येऊन पोहोचतात. त्याच ऋतूत बीड जिल्ह्यातून दुसरे एक प्रस्थान चालू असते. मुकादमाकडून उचल घेतलेली ऊसतोड मजुरांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघालेली असतात. फडात दिवसभर वाकून ऊस तोडायचा, त्याच्या मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन गाडीत भरायच्या, हा त्यांचा क्रम गाळप हंगाम संपेपर्यंत खंडत नाही. अशा मुलखात पाठदुखीला कोणी व्याधी समजत नाही, तो कष्टाचा नित्याचा मोबदलाच मानला जातो. चमक भरली, उसण धरली, मणक्यात गॅप पडला, नस दबली, अशी तिची नावे तयार असतात. आणि बिब्बा घालणे, शेक देणे, पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेणे, हे तिच्यावरचे उपायही तयार असतात. यांतील बहुतेक दुखणी स्नायूंची व चकत्यांची असल्यामुळे विश्रांतीने आपोआप शमतात आणि उपायाला यश लाभल्याची समजूत दृढ होते. परंतु या विशाल समुदायात काही थोडी दुखणी अशी असतात की त्यांचे मूळ मणक्याच्या हाडात वाढणाऱ्या एखाद्या गाठीत असते. ती गाठ कर्करोगाची नसते, शरीरभर पसरत नाही, बहुधा प्राणही घेत नाही. तरीही ती झोप हिरावते, कणा वाकवते आणि क्वचित पायांतील शक्ती नाहीशी करते. या सौम्य अर्बुदांवर अल्पच्छेदी, म्हणजे शरीराची कमीत कमी मोडतोड करणाऱ्या, उपचारांनी गेल्या चार दशकांत काय साधले आणि काय साधले नाही, याचा आढावा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. या विषयात अन्याय दोन प्रकारांनी होतो: एक दुर्लक्षाने आणि दुसरा अतिरेकाने. अतिरेकाची किंमत काय असते, हे बीड जिल्ह्याला कोणी सांगावयास नको. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत या जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय कोणत्या सबबीवर, कोणत्या तपासणीअंती घेतला जातो, हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रापुढे उभा राहिला. मणक्याच्या बाबतीतही तोच प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. निदान निश्चित झाल्यानंतर, पुरेशी ठरेल अशी लहानात लहान शस्त्रक्रिया हाच खरा मानदंड होय; आणि त्यात ‘पुरेशी’ या अटीचे वजन ‘लहान’ या अटीपेक्षा तिळमात्रही कमी नाही.

आता या अर्बुदांची ओळख करून घेऊ. त्यांतील सर्वांत लहान आणि सर्वांत दुःखदायक म्हणजे ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. हेन्री जॅफी या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने १९३५ साली त्याचे स्वतंत्र वर्णन केले. गाभा दीड-दोन सेंटिमीटरांहूनही लहान, भोवती घट्ट झालेल्या हाडाचे कडे, आणि वास बहुधा मणक्याच्या मागील भागात, कमरेच्या पातळीवर. रुग्ण बहुधा दहा ते पंचवीस वर्षांच्या वयोगटातील, आणि मुलींपेक्षा मुलगे अधिक. या गाभ्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये विपुल निर्माण होतात. म्हणूनच वेदना रात्री बळावते आणि ॲस्पिरिनच्या वर्गातील वेदनाशामक गोळीने आश्चर्यकारक रीतीने थांबते. वेदनेपासून बचाव करण्यासाठी एका बाजूचे स्नायू आवळले जातात, त्यामुळे पाठ एका अंगाला वाकते, आणि गाठ त्या बाकाच्या आतल्या बाजूस सापडते. ही वक्रता प्रारंभी केवळ स्नायूंची असते. परंतु सव्वा वर्षाच्या वर ती तशीच राहिली, तर गाठ काढूनही कणा पूर्ववत सरळ होण्याची आशा उणावते, असे अनुभवास आले आहे. तेव्हा या व्याधीत विलंबाला निश्चित मूल्य मोजावे लागते.

याच कुळातील थोरला भाऊ ऑस्टिओब्लास्टोमा. तो दोन सेंटिमीटरांहून मोठा असतो, वाढत राहतो, गोळीला तितकीशी दाद देत नाही आणि मज्जारज्जूच्या मार्गिकेत शिरून नसांवर दाब आणू शकतो. तिसरा प्रकार रक्तवाहिन्यांच्या गाठीचा, म्हणजे हिमँजिओमाचा. शवविच्छेदनांवरून असे दिसले आहे की प्रौढ माणसांपैकी सुमारे दहांत एकाच्या कण्यात ही गाठ असते, आणि तिच्यामुळे त्रास होणारे लोक त्यांतील शेकडा एकाच्या आसपास असतात. चौथा प्रकार रक्ताने भरलेल्या पोकळ्यांचा, ॲन्युरिझमल बोन सिस्ट; हा किशोरवयीनांत आढळतो आणि हाड फुगवून पातळ करतो. पाचवा जायंट सेल ट्यूमर, जो त्रिकास्थीत घर करतो आणि नावाने सौम्य असूनही वर्तनाने आक्रमक असतो. सहावा प्रकार लहान मुलांतील लँगरहान्स पेशींच्या विकाराचा, ज्यात एखादा मणका चेपून पातळ चकतीसारखा होतो. तो पाहून आईबाप हादरतात, परंतु योग्य निदान होऊन पट्ट्याचा आधार मिळाला तर वाढत्या वयाबरोबर त्या मणक्याची उंची बऱ्याच अंशी भरून येते. एनेकिंग या अमेरिकन अस्थितज्ज्ञाने सौम्य अर्बुदांच्या तीन अवस्था सांगितल्या: सुप्त, सक्रिय आणि आक्रमक. उपचाराचा सारा विवेक या अवस्थाभेदावर उभा आहे. कारण सुप्त गाठीस हात लावणे अनाठायी, सक्रिय गाठीस सुई अथवा लहान छेद बहुधा पुरेसा, आणि आक्रमक गाठीस लहान छेदाचा हट्ट घातक.

निदानाच्या मार्गात मराठवाड्यातील वैद्याला पाश्चात्त्य ग्रंथांत दुय्यम मानलेली एक शक्यता सदैव अग्रभागी ठेवावी लागते, ती म्हणजे मणक्याच्या क्षयाची. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शस्त्रवैद्याने १७७९ साली वर्णिलेला हा रोग आपल्याकडे आजही नाहीसा झालेला नाही. क्षय बहुधा दोन लगतच्या मणक्यांना आणि त्यांमधील चकतीला ग्रासतो, तर अर्बुद सामान्यतः चकती सोडून एकाच मणक्याच्या हाडात राहते. ताप, वजन घटणे, भूक मंदावणे ही लक्षणे क्षयाकडे बोट दाखवितात. तथापि केवळ चित्र पाहून निर्वाळा देणे अनेकदा धोक्याचे ठरते, आणि म्हणून सीटी स्कॅनच्या मार्गदर्शनाखाली सुईने तुकडा काढून त्याची सूक्ष्मदर्शकीय व क्षयासंबंधीची परीक्षा करणे हाच अल्पच्छेदी उपचाराचा पहिला टप्पा समजला पाहिजे. सुईची वाट ठरविताना पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाची मसलत घेणे अगत्याचे असते. कारण गाठ घातक निघाली, तर ती वाटही गाठीबरोबर काढावी लागते. साध्या क्ष-किरण चित्रात ऑस्टिऑइड ऑस्टिओमा कित्येकदा दिसतच नाही. किरणोत्सर्गी द्रव्य टोचून केलेल्या अस्थिचित्रात तो ठळक उमटतो, आणि मिलिमीटरभर जाडीच्या सीटी छेदांत त्याचा गाभा स्पष्ट सापडतो. एमआरआय या व्याधीत एकट्याने फसवू शकतो, कारण भोवतालच्या सुजेमुळे लहान गाठीचे चित्र भलत्याच भयंकर रोगासारखे दिसते.

पूर्वी ही गाठ काढायची म्हणजे पाठीच्या मध्यावर लांब छेद घ्यावयाचा, स्नायू हाडांपासून सोलून बाजूला सारावयाचे, मणक्याची कमान कापावयाची आणि गाभा सापडेपर्यंत हाड कोरीत जावयाचे. शेंगदाण्याएवढा गाभा डोळ्यांना ओळखू येत नसे. म्हणून शस्त्रवैद्य खात्रीसाठी अधिक हाड काढी, सांधा निखळे, आणि मग कणा डळमळू नये म्हणून स्क्रू व सळया घालणे भाग पडे. या अवस्थेत पालट घडविला तो डॅनियल रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. बोस्टन येथे त्यांनी रेडिओ लहरींच्या उष्णतेने हा गाभा जागच्या जागी जाळून टाकण्याची पद्धत १९९२ साली प्रसिद्ध केली, आणि हातापायांच्या हाडांत सिद्ध झालेली ही रीत पुढे सावधपणे मणक्यातही आली.

ही क्रिया प्रत्यक्ष कशी होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. रुग्णाला सीटी स्कॅनच्या मेजावर पालथे झोपवितात. पूर्ण भूल बहुधा द्यावीच लागते, कारण सुई गाभ्याला स्पर्श करताच अत्यंत तीव्र वेदना उठते. छेदचित्रांवरून त्वचेवरील बिंदू, कोन आणि खोली मोजली जाते. नसेचे मूळ आणि मज्जारज्जू टाळून हाडातूनच जाणारी वाट निवडली जाते. गाभ्याभोवतीचे कडे कठीण असल्यामुळे प्रथम बारीक ड्रिलने भोक पाडतात, त्यातून परीक्षेसाठी कण काढतात, आणि त्याच वाटेने, टोकाकडील केवळ काही मिलिमीटर भाग उघडा असलेली सुई गाभ्याच्या मध्यावर नेऊन ठेवतात. मग टोकाचे तापमान सुमारे ९० अंश सेल्सियसपर्यंत चढवून ते जवळजवळ सहा मिनिटे टिकवितात. सुईभोवतीचा सुमारे सेंटिमीटरभर भाग निर्जीव होतो. सुई काढल्यावर त्वचेवर टाकाही बहुधा लागत नाही, रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जातो, आणि महिनोन् महिने रात्री जागून काढलेल्या मुलाला एक-दोन दिवसांत गोळीवाचून झोप लागते. सुमारे दहांतील नऊ रुग्णांना या एकाच प्रयोगाने आराम पडतो, व उरलेल्यांत तो पुन्हा करता येतो.

येथे जोखीम कोणती, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मज्जातंतूंना ४५ अंशांच्या वरची उष्णता अपाय करते, आणि कण्यात गाभ्यापासून नसेचे अंतर कधीकधी काही मिलिमीटरच असते. गाभा व मज्जारज्जू यांच्या मध्ये अखंड हाडाची भिंत असेल तर ती उष्णता अडविते, आणि भोवतीचा द्रव व रक्तप्रवाहही ती वाहून नेतात. तरीही जेथे अंतर थोडे, तेथे मार्गिकेत थंड द्रव अथवा वायू सोडून नस दूर सारणे, तापमापक तार शेजारी ठेवणे, आणि भुलेखाली असलेल्या रुग्णाच्या नसांचे विद्युत्‌संकेत सतत पाहत राहणे, अशी तजवीज करतात. हीच सावधगिरी शीतदाहाच्या पद्धतीतही लागते. तीत सुईच्या टोकाशी बर्फाचा गोळा तयार होतो आणि त्याची कड सीटीत दिसत असल्यामुळे हानीची सीमा आधीच कळते, एवढा तिचा लाभ. जेथे सुईला सुरक्षित वाट नाही, तेथे सुमारे दोन सेंटिमीटर रुंदीच्या नळीतून सूक्ष्मदर्शक अथवा दुर्बिणीच्या साह्याने गाठ काढण्याचा पर्याय आहे. फोली व स्मिथ यांनी १९९७ साली चकतीच्या शस्त्रक्रियेसाठी प्रचारात आणलेल्या या नळीच्या रीतीत स्नायू कापले न जाता केवळ विलग केले जातात. आणि शस्त्रक्रियागृहातच छेदचित्रे घेऊन अवजारांना दिशा दाखविणाऱ्या यंत्रांमुळे अदृश्य गाभ्याचा शोध पुष्कळच सोपा झाला आहे.

हिमँजिओमाचा इतिहास निराळा आहे. फ्रान्समधील आमियाँ येथे गालिबेर आणि डेरामों या तज्ज्ञांनी १९८४ साली एका स्त्रीच्या मानेच्या दुसऱ्या मणक्यातील अशाच गाठीत सुईवाटे हाडाचे सिमेंट भरले, आणि तेथून व्हर्टिब्रोप्लास्टीचा जन्म झाला. आज वार्धक्यातील पिचलेल्या मणक्यांसाठी जगभर वापरली जाणारी ही पद्धत मुळात एका सौम्य गाठीसाठी निर्माण झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. टूथपेस्टइतके दाट झालेले सिमेंट क्ष-किरणांच्या सतत देखरेखीखाली मणक्यात सोडतात. ते पोकळ्या भरते, हाडाला आधार देते आणि दुखणे शमविते. ते मार्गिकेत अथवा शिरांवाटे फुप्फुसांत जाण्याचा धोका असल्यामुळे देखरेखीत क्षणाचीही ढिलाई चालत नाही. जी गाठ मणक्याबाहेर पसरून मज्जारज्जू दाबते, तिच्यासाठी मात्र सिमेंट एकटे पुरत नाही: आधी रक्तवाहिन्या बंद करणे, मग दाब मोकळा करणे, आणि निवडक रुग्णांत किरणोपचार, असा क्रम लावावा लागतो. गरोदरपणाच्या उत्तरार्धात शिरांतील दाब वाढल्याने पूर्वी शांत असलेली गाठ जागी होऊ शकते. म्हणून गर्भिणीच्या पायांत बळ कमी वाटले, तर ती नेहमीची कंबरदुखी समजून सोडू नये.

रक्तपोकळीच्या सिस्टवर आता चाकूपेक्षा नळीचे उपचार अधिक होतात. जांघेतील रोहिणीतून बारीक नळी गाठीच्या वाहिनीपर्यंत नेऊन ती वाहिनी कणांनी अथवा द्रवाने बंद करतात. काही आठवड्यांच्या अंतराने हे पुन्हा करावे लागते, आणि मग महिन्यांच्या अवधीत पोकळीच्या जागी हाड भरत जाते. छातीच्या खालच्या भागातील मणक्यांत मज्जारज्जूला रक्त पुरविणारी आदामकीविचची रोहिणी त्याच वाहिनीतून निघत नाही ना, याची शहानिशा केल्यावाचून ती बंद करणे म्हणजे पक्षाघाताला आमंत्रण होय. डॉक्सिसायक्लिन हे जुने प्रतिजैविक सुईने गाठीत सोडण्याचा प्रयोगही अनेक ठिकाणी सफल झाला आहे. डिनोसुमॅब या औषधाला जायंट सेल ट्यूमरसाठी अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली. ते गाठ घट्ट करते व शस्त्रक्रियेचा आवाका कमी करू शकते, परंतु ते थांबविल्यावर गाठ परतण्याची आणि मुलांत रक्तातील कॅल्शियम एकाएकी वाढण्याची भीती असल्याने त्याचा अंमल अनुभवी हातांतच असावा.

आता मर्यादेचा फैसला. ज्या रुग्णाच्या पायांतील शक्ती घटत आहे, लघवीवरील ताबा जात आहे, ज्याचा मणका ढासळला आहे, अथवा ज्याची गाठ आक्रमक अवस्थेत आहे, त्याला लहान छेदाचे आमिष दाखविणे वैद्यकीय धर्माला सोडून आहे. आक्रमक ऑस्टिओब्लास्टोमा आणि जायंट सेल ट्यूमर यांत थोडा अंश मागे राहिला तर तो पुन्हा वाढतो, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा दुप्पट अवघड असते. तेथे संपूर्ण गाठ निरोगी आवरणासह काढणे, त्यासाठी छेद मोठा घ्यावा लागला तरी, हेच खरे कमी नुकसानीचे शस्त्रकर्म. उलट बाजूने, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एमआरआयच्या अहवालात हिमँजिओमा हा शब्द आढळला म्हणून भयभीत झालेल्या माणसाला कोणी शस्त्रक्रियेची तारीख देऊ लागला, तर त्याने ते कागद उचलून दुसरा सल्ला घेण्यास जावे. त्या शब्दाची बहुतेक उदाहरणे जन्मभर निरुपद्रवी राहणारी आहेत.

बीड जिल्ह्यापुरते पाहिले, तर या रुग्णांची वाट अंबाजोगाईवरून जाते. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने १९७४ साली ग्रामीण भागात स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेथे आहे. त्यापुढे छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, आणि हाडांच्या अर्बुदांच्या विशेष उपचारासाठी १९४१ साली सुरू झालेले मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची मुभा आहे, आणि कोणता उपचार तीत बसतो हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारता येते. परंतु खरी अडचण पैशाइतकीच कालगणनेची आहे. आईबाप सहा महिने फडावर, मूल त्यांच्याबरोबर कोपीत, शाळा सुटलेली; अशा मुलाचे रात्रीचे कण्हणे कोणत्या दप्तरात नोंदले जाणार? ज्या उपचाराला ठरावीक आठवड्यांनी पुन्हा यावे लागते, तो हंगामाच्या मध्यावर तुटतो आणि तपासणीची चित्रे कोठेतरी हरवतात. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या रुग्णालयात मुंबईचे मणकातज्ज्ञ डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी शिबिरे भरवून कण्याच्या शस्त्रक्रिया करीत आले आहेत. तज्ज्ञाने रुग्णाच्या मुलखात जावे, हा धडा मराठवाड्यालाही लागू आहे. टोळ्या निघण्यापूर्वी आणि परतल्यानंतर पाठीच्या तपासणीची शिबिरे भरली, आणि कपिलधारच्या यात्रेत लावल्या जाणाऱ्या आरोग्यपथकांनी रात्रीच्या पाठदुखीविषयी दोन प्रश्न अधिक विचारले, तर त्यासाठी नवे यंत्र लागणार नाही.

वाचकांना शेवटी एवढीच विनंती. वीस वर्षांखालील मुलाची पाठ रात्री दुखून त्याची झोप मोडत असेल, गोळीने ती थांबून पुन्हा उठत असेल, आणि पाठ एका अंगाला कलत असेल, तर ती ओझ्याची दुखापत समजू नका. बिब्बा घालू नका, पाठीवर कोणाला पाय देऊ देऊ नका, आणि मणका बसवून देण्याच्या नावाखाली तिला हिसके बसू देऊ नका. अस्थितज्ज्ञाकडे जा आणि सीटी स्कॅनविषयी स्पष्ट विचारा. पायांत बळ कमी झाले असेल, तर त्याच दिवशी जा. आणि शस्त्रक्रिया सुचविली गेली, तर गाठीचे नाव काय, तिची अवस्था कोणती, तुकडा तपासला का, आणि सुईने भागेल का, हे चार प्रश्न विचारल्यावाचून संमतीपत्रावर सही करू नका. त्यांची उत्तरे मिळविणे हा रुग्णाचा हक्क आहे.